महाशिबिरं बंदच करा

वडगावकर_७२: परवा आमच्या चौकात नेत्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर झालं. पिशवीमागे एक हेल्मेट. रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत. आणि मे महिन्यात मेहुणीच्या सिझरला बी निगेटिव्हच्या एका पिशवीसाठी मी तीन रक्तपेढ्या पालथ्या घातल्या होत्या! लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी ५ दिवस. एका दिवसात पाचशे पिशव्या गोळा करून लोणचं घालायचंय का?

पेढीतला_माणूस: बारा वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन आहे, म्हणून बोलतो. पिशवी तशीच फ्रीजमध्ये पडून राहते हा गैरसमज. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घटक वेगळे करतो. लाल पेशी २ ते ६ अंशांना, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, उणे ३० ला वर्षभर. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, त्याही सतत हलत्या ठेवून. जास्तीचा साठा दुसऱ्या रक्तपेढीला देता येतो. आणि निगेटिव्ह गट मुळातच दुर्मीळ, त्याचा राग शिबिरावर कशाला?

वडगावकर_७२: देता येतो, कबूल. वेळेत दिला जातो का ते सांगा. शिवाय ज्या पाचशे पुरुषांनी परवा रक्त दिलं ते आता ९० दिवस बाद. उद्या डेंग्यूची साथ आली की प्लेटलेटसाठी कोणाला उठवणार?

पेढीतला_माणूस: हा मुद्दा खरा आहे. पण त्या रांगेतले निम्मे तरी पहिल्यांदाच आलेले असतात. शिबिर नसतं तर ते आले असते?

नुसतं_विचारतोय: रक्त फुकट घेता, मग खाजगीत एका पिशवीचे १५५० कसले?

पेढीतला_माणूस: रक्ताचे नाहीत, प्रक्रियेचे. पिशवी, एचआयव्ही, कावीळ बी-सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या, क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं. रक्त विकायला बंदी आहे. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणारेही बंद झाले.

वडगावकर_७२: मग हेल्मेट म्हणजे काय हो? तेही मोलच झालं की.

पेढीतला_माणूस: ...इथे मात्र तुमच्या बाजूने. वस्तूच्या आशेने आलेला माणूस फॉर्मवर खरं लिहीत नाही. नुकताच संसर्ग झाला असेल तर सुरुवातीचे काही दिवस तपासणीतही सापडत नाही. त्या दिवसांत आमचा भरवसा दात्याच्या तोंडच्या उत्तरावरच.

थॅलेसेमियाची_आई: माझ्या लेकाला थॅलेसेमिया आहे, अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. शिबिर कोणाच्या वाढदिवसाचं, मला काय करायचंय! पण दादा, एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद, ऑफिसं रिकामी, तेव्हा मीच फोन करकरून माणसं आणते. पाचशे एका दिवशी नकोत, आठवड्याला पन्नास द्या. नेत्याला फोटो दहा आठवडे मिळतील, त्याचीही हौस फिटेल.

वडगावकर_७२: ताई, त्यांना फ्लेक्सवर एकच आकडा छापायचा असतो, तोही मोठा.

पेढीतला_माणूस: आकडा मोठाच छापा, फक्त तारखा आमच्याकडून घ्या. शिबिराआधी आम्हाला विचारणारा आयोजक दहात एखादा.

नुसतं_विचारतोय: मी त्या रांगेत होतो. हेल्मेट लहान निघालं.