जळगाव ते नंदुरबार, एका दिवसात परत : जाताना तापीकाठ, येताना महामार्ग. पटतंय का?

तापीकाठचा

डिसेंबरातल्या एका रविवारी जळगावहून नंदुरबारला जाऊन त्याच दिवशी परतायचं आहे. गाडीत आम्ही दोघं, आई आणि दोन पोरं. आईला तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थगावी दर्शन हवंय, बायकोला वर्षाची मिरची, पोरांना खिडकी. मुक्कामाला घरात कुणी तयार नाही, तेव्हा 'एक रात्र राहून घ्या' हा सल्ला कृपया नको.

माझं मत असं : जाताना तापीच्या उत्तर काठानं जावं. विदगावचा पूल ओलांडून धानोरा, अडावद, चोपडा, मग शिरपूर, शहादा, प्रकाशा आणि नंदुरबार. येताना दोंडाईचा, चिमठाणे, सोनगीर, धुळे, पारोळा, एरंडोल. दोन्हीकडून अंतर पावणेदोनशे ते दोनशेच्या घरात, म्हणजे किलोमीटरचं भांडण नाहीच. भांडण उजेडाचं आहे. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो. काठाचा आतला रस्ता दिवसाउजेडी आणि ताज्या डोळ्यांनी करावा, चौपदरी महामार्ग अंधारासाठी राखून ठेवावा. शिवाय आपण सकाळी पश्चिमेला निघणार आणि संध्याकाळी पूर्वेला परतणार, म्हणजे सूर्य दोन्ही वेळा पाठीशी.

वाटेत मोठा थांबा एकच, प्रकाशा. बाकी चहापाणी. साडू म्हणतो, दोन्ही वेळा महामार्गच धर, केळीची झाडं बघायला कशाला पेट्रोल जाळतोस? बोला.

डबल क्लच

साडू बरोबर बोलतोय. मी या पट्ट्यात केळीच्या गाड्या पाठवतो, रस्ता मला नकाशावरून माहीत नाही. चोपडा-शिरपूर-शहादा हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. पावसाळ्यात उखडतो, दिवाळीनंतर ठिगळं लागतात, आणि ठिगळावर गाडी कशी नाचते ते मागं बसलेल्या आईला विचारा. गावागावात गतिरोधक, त्यांच्यावरचा पांढरा पट्टा कधीच पुसलेला. त्यात डिसेंबर म्हणजे ऊस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं आला की त्याच्या मागं पाच किलोमीटर आरती म्हणत जायचं.

आणि ते 'सूर्य पाठीशी' म्हणून खूश होऊ नका. तुमच्या पाठीशी म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. दुपदरी रस्त्यावर सकाळी समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्या पिकअपवाल्याला तुम्ही दिसतच नाही. मधे दुभाजक असला की हा प्रश्न उरत नाही. आतूनच जाणार असाल तर सकाळीसुद्धा हेडलाइट लावून जा. त्याला निदान दोन ठिपके तरी दिसतील.

पथारीवरची

मी नंदुरबारची. डबल क्लच भाऊंचं उन्हाचं म्हणणं शंभर टक्के खरं. आम्ही जळगावला निघतो तेव्हा सकाळी ऊन तोंडावर, परत येताना संध्याकाळीही तोंडावर. जळगावकरांना हे दुःख कळायचं नाही.

पण भाऊ, महामार्ग महामार्ग काय लावलंय? चौपदरी तुमचा सोनगीरपर्यंत. तिथून चिमठाण्याकडे वळलात की दुपदरीच, आणि तिथंही ट्रॅक्टर आहेतच. म्हणजे जाताना कुठल्याही वाटेनं आलात तरी शेवटचा टप्पा साध्या रस्त्याचाच. वाद फक्त पहिल्या निम्म्याचा उरतो.

आता मुख्य गोष्ट. वर्षाची मिरची घ्यायला डिसेंबरात कोण येतं? मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या तेव्हा ऐन भरात असतात, बघायला छानच. गावाबाहेर नजर जाईल तिथपर्यंत लाल. तोंडाला फडकं बांधून बाया मिरची खालीवर करत असतात आणि आपल्याला मात्र बंद काचेतही ठसका लागतो. पण त्या मालात ओल असते. मूठभर मिरची हातात घेऊन आवळा. कुडकुडून मोडली तर सुकली. दबून पुन्हा फुगली तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय, आणि घरी डब्यात बुरशी. वर्षाची मिरची फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चात घ्यावी. तेव्हा दिवसही मोठा असतो.

कळणं-ठेचा

रस्त्याचं तुमचं तुम्ही बघा, मी जेवणावर बोलतो. गाडी चालवणाऱ्यानं दुपारी ढाब्यावर शेवभाजी खाऊ नये. हे मी, शेवभाजीसाठी जीव टाकणारा माणूस, लिहितोय. वर तर्री, खाली शेव, सोबत चार पोळ्या आणि भात. दीड वाजता जेवलात की तीन वाजता दोंडाईचा रस्त्यावर डोळे मिटायला लागतात. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. शेवभाजी रात्री, जळगावात पोचल्यावर.

खिडकीजवळचा

दशम्या खायला नंदुरबारला जायचं? घरी काय वाईट होतं मग? ढाबा हाच प्रवास असतो, भो.

कळणं-ठेचा

तुम्ही खिडकीजवळ बसता, तुम्ही खा की. मी स्टेअरिंगवरच्या माणसाबद्दल बोलतोय. आणि डिसेंबरात संध्याकाळी लवकर पोचलात तर कुणाच्या तरी मळ्यात भरताची पार्टी नक्की असणार. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात ठेचलेली, वर पातीचा कांदा, सोबत कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर. या जेवणासाठी दिवसभर दशम्यांवर राहायला माझी तयारी आहे.

निवृत्त मास्तर

आपल्या आराखड्यात एक थांबा वाचून वाईट वाटलं. मुलं बरोबर आहेत ना? मग अडावदहून उनपदेवला वळा, गरम पाण्याचा झरा दाखवा. प्रकाशाला केवळ दर्शन नको. १९५५ साली तिथं पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली, हे मुलांना सांगा. नंदुरबारात शिरीषकुमार स्मारक. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा हाती धरून गोळ्या झेललेला शाळकरी मुलगा. परतताना पारोळ्याचा किल्ला : झाशीच्या राणीचं सासर नेवाळकरांचं, आणि पारोळा त्यांच्याच जहागिरीचं गाव. एरंडोलजवळ पद्मालय, एकाच गाभाऱ्यात दोन गणपती. जमल्यास पारोळ्याहून अमळनेरला जाऊन साने गुरुजींची शाळा. एवढं सगळं वाटेवर असताना नुसतं पळत जायचं?

डबल क्लच

सर, आदर ठेवून विचारतो, यातलं 'वाटेवर' काय आहे? उनपदेव आत, पद्मालय आत, अमळनेर तर उलट्या बाजूला. पारोळा आता बाह्यवळणावरून मागं पडतो. किल्ल्यासाठी गावात शिरायचं म्हणजे बाजारातून वाट काढायची. प्रत्येक 'जरा वळू' ला पाऊण तास धरा. पाच ठिकाणं म्हणजे सूर्यास्त पारोळ्याच्या किल्ल्यातच.

निवृत्त मास्तर

पाऊण तासात जे मुलांच्या डोक्यात राहतं, ते धड्यात वर्षभर राहत नाही. मी पाचही करा म्हटलं नाही. यादी दिली, निवड त्यांची.

तापीकाठचा

सर, यादी जपून ठेवतो. पण एकदा चार ठिकाणं करून बघितलेला माणूस म्हणून सांगतो, पोरांना दिवसाच्या शेवटी फक्त गाडीत चढणं-उतरणं आठवतं. प्रकाशाला दोन तास मिळाले तर आई केदारेश्वराला निवांत बसेल आणि पोरं गोमाई-तापीच्या संगमावर पाण्यात पाय घालतील. तेवढंच हवंय. शिरीषकुमार स्मारक मात्र घेतो, ते नंदुरबारातच आहे.

डबल क्लच भाऊ, हेडलाइटचं पटलं. उसाचंही खरं. पण तुमच्याच म्हणण्यानं बघा, उसाची ट्रॉली सकाळी दिसते तरी. रात्री तिला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. म्हणून तर आतला रस्ता सकाळी.

हिशेबी

टोलचा विचार कुणीच केला नाही. महामार्गावरचा सबगव्हाणचा नाका जाताना-येताना दोन्ही वेळा लागला तर चोवीस तासांच्या आत परतीसह दीडपट. काठानं गेलात तर एकदाच. वार्षिक फास्टॅग पास असेल तर हा हिशेबच नको : वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत होता. वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्यानं मात्र घेऊ नये.

पथारीवरची

टोल वाचवायला चोपड्याहून? आई मागच्या सीटवर आदळत येणार त्याचं काय?

सावली शोधणारा

डिसेंबर ठीक, पण आम्हाला मे महिन्यातच सुट्टी मिळते. जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला. सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात म्हणून आमचे काका हवा कमी ठेवायला सांगतात. पाच-सहा पॉइंट कमी. बरोबर ना?

डबल क्लच

अजिबात नाही! हवा कमी केली की टायरची बगल जास्त वाकते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, आणि त्या वाकण्यातूनच टायर तापतो. फुटतो तो यानंच. ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर जो आकडा आहे तो पाळा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी भरलेली असेल तर त्याच कागदावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो घ्या. चालून तापलेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसली म्हणून काढत बसू नका. आणि टायर जुना होऊन बगलेला बारीक चिरा पडल्या असतील तर मे महिन्यात नंदुरबार काय, भुसावळही नको.

सावली शोधणारा

काकांना कोण सांगणार!

रूळावरचा

सगळ्यांना एकच प्रश्न. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार अशी सुरत-भुसावळ रेल्वे आहे. पोरांना खिडकी हवीय ना? सगळ्यात मोठी खिडकी तिथं मिळते. ना ऊस, ना टोल, ना झोप.

तापीकाठचा

आणि स्टेशनवरून आईला प्रकाशाला कसं न्यायचं? मिरचीचं पोतं घेऊन परतीची गाडी पकडायची ती वेगळीच. एकट्यासाठी बरोबर आहे तुमचं.

रात्रपाळी

मूळ मुद्द्याला सगळ्यांनी सोडून दिलं. रात्री महामार्ग सुरक्षित, हे कुणी ठरवलं? मी रोज रात्री धुळ्याकडून एरंडोलला येतो. चौपदरीवर अंधारात दोन गोष्टी मारतात. एक, कडेला पंक्चर होऊन उभा ट्रक, मागं दिवा नाही, चार दगड ठेवले की झालं. दुसरं, उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल, कारण दुभाजकातली फट लांब पडते आणि कुणाला तेवढा फेरा नको असतो. आतल्या रस्त्यावर तुम्ही पन्नासनं जाता, इथं नव्वदनं. रस्ता सरळ असल्यामुळे थकलेल्या माणसाला झोप इथंच लागते. अंधारात चौपदरीवर आहात तर सत्तर, डावी लेन सोडून मधे, आणि दर तासाला उतरून तोंडावर पाणी. गाडी बिघडली तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो, हा एक फायदा मान्य. बाकी कुठल्याही रस्त्यावर ११२.

डबल क्लच

डावी लेन सोडून मधे? मग मागचे ट्रक डावीकडून घुसतील ना भाऊ.

रात्रपाळी

घुसू देत. डावीकडचा उभा ट्रक मला मारेल, डावीकडून घुसणारा फक्त हॉर्न मारेल.

डबल क्लच

तो हॉर्न मारून थांबत नाही, तोच सांगतोय तुम्हाला. डावीकडनं कापणारा तुमच्या आरशात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. डाव्या लेनमधेच राहा, वेग कमी ठेवा, लांबचा दिवा चालू. उभा ट्रक दिसण्याएवढं अंतर मिळतं.

पथारीवरची

तुम्ही दोघं लेनवर भांडा. तापीकाठच्या दादांना मी वेळ सांगते. नंदुरबारहून चारला निघालात तरच सोनगीरला उजेडात लागाल, म्हणजे दुपदरी उजेडात संपेल. पाच वाजले की चिमठाण्यालाच अंधार. मग तुमची 'चौपदरी अंधारासाठी' ही सगळी मांडणीच कोसळली. चारला निघायचं म्हणजे बाराच्या आत प्रकाशा, म्हणजे जळगाव सातला सोडायलाच हवं. पोरं रविवारी सातला उठतात का ते आधी बघा. आणि सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार दत्तजयंतीला भरतो. यात्रेच्या दिवसांत शहादा-दोंडाईचा रस्ता घोड्यांचा असतो, गाड्यांचा नाही. तो रविवार पंचांगात बघून टाळा.

तापीकाठचा

साडेसहाला निघतो. बायकोनं तुमचं मिरचीचं वाचलं. आता ती म्हणते डिसेंबरात दोनच किलो, आवळून बघून, बाकी मार्चात. म्हणजे मार्चात पुन्हा यावं लागणार, आणि तेव्हा ऊस कमी असेल तर दोन्ही वेळा काठानं यायचा माझा विचार आहे.

डबल क्लच

मार्चात ऊस कमी, पण केळीच्या गाड्या असतातच. माझ्याच असतील. हॉर्न द्या, बाजूला घेतील.