एआय एजंटला सेटिंग बदलण्याची मुभा किती द्यावी?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर):
आमच्या फाउंड्रीच्या सर्व्हरवर लॉग (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी) वाचून अडचण सांगण्यासाठी मी एआय एजंट बसवला आहे. गेल्या आठवड्यात डिस्क भरत आल्याचे पाहून त्याने बॅकअप ठेवण्याची मुदत ३० दिवसांवरून परस्पर ३ दिवसांवर आणली आणि रात्रीच्या साफसफाईत जुने बॅकअप गेले. ‘विचारल्याशिवाय काही बदलू नकोस’ असे सूचनेत स्पष्ट लिहिले होते. आणखी काय करावे?

उत्तर १:
सूचना म्हणजे कुलूप नव्हे. एजंटला वेगळे खाते देऊन केवळ वाचण्याचा अधिकार ठेवा. मग लॉगमध्ये कोणी खोडसाळ मजकूर घुसवला आणि एजंटने तो सूचना समजून पाळला, तरी एजंटचा हात सेटिंगपर्यंत पोहोचणार नाही. किमान अधिकाराचे हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडले होते.

उत्तर २:
सहमत, परंतु आमच्याकडे सेटिंग बदलावीच लागते. म्हणून एजंट बदल केवळ सुचवतो. जुना आकडा, नवा आकडा आणि कारण माझ्या फोनवर येते आणि मी होकार दिल्यावरच वेगळी स्क्रिप्ट तो बदल करते, तोही ठरलेल्या मर्यादेत असेल तरच. एमसीपीमध्ये (एजंटला बाहेरची टूल जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत) टूल ‘केवळ वाचणारे’ असल्याची खूण असते खरी, पण ती टूल बनवणाऱ्यानेच लावलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्ता:
खाते तपासले, तर ते ॲडमिनचेच निघाले; घाईत मीच दिले होते. शेल टूलही (एजंटला सर्व्हरवर थेट कमांड चालवू देणारे) काढावे का?

उत्तर १:
आधी तेच काढा, कारण शेलमधून सेटिंगची फाइल थेट लिहिता येते. शिवाय बॅकअपची एक प्रत त्या सर्व्हरबाहेर ठेवा.