विषय: रविवारची ऑनलाइन गोलमेज चर्चा – संगीत नाटक

नमस्कार मंडळी,
५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन आडवारी येतोय, म्हणून चर्चा आदल्या रविवारी, सकाळी ९ वाजता (आपल्या अमेरिकेतल्या सेंट्रल वेळेनुसार) झूमवर ठेवली आहे. त्याच पहाटे आपली घड्याळं तासभर मागे जातात. म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांकडे रात्रीचे ८.३० वाजलेले असतील, ७.३० नाही. जेवणं आटोपून बसा म्हणून त्यांना कळवलंय. प्रत्येकी पाच मिनिटं, मग गप्पा. शेवटी सगळ्यांनी मिळून नांदी म्हणायची का?
– सचिव

सचिवसाहेब, नांदी सगळ्यांनी मिळून नको. आवाज पोचायला प्रत्येकाकडे वेगळा वेळ लागतो, समेवर कोणी कोणाला भेटायचं नाही. एकानेच गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरच्या घरी साथ करावी. गाणाऱ्याने झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करावा, नाहीतर तंबोऱ्याचा सलग सूर पंख्याची घरघर समजून गाळला जातो. आणि हेडफोन लावा, कृपा करून!
– तबलेवाले काका

काका, आवाजाचं तुम्ही बघालच. मला विषयाची काळजी आहे. 'संगीत नाटक' म्हटलं की आपण १८८० च्या 'शाकुंतल'पासून सुरू करतो, अण्णासाहेब किर्लोस्करांना हात जोडतो, बालगंधर्वांच्या शालूंवर येतो आणि वेळ संपते. एवढं सगळ्यांना पाठ आहे.
त्यापेक्षा एकच पद घेऊ या. 'स्वयंवर'मधलं (१९१६) 'नाथ हा माझा'. भास्करबुवा बखल्यांनी यमनात बांधलेलं हे पद आपल्या दर गणेशोत्सवात कोणीतरी गातंच. पण ते रुक्मिणीच्या तोंडी आहे, नाटककार खाडिलकरांनी ते कुठल्या प्रवेशात घातलंय आणि त्याच्या आधी काय बोललं जातं, हे गाणाऱ्या मुलींना आपण सांगितलंय का? पद मैफलीत आलं, टिकलं, चांगलंच झालं. नाटक मात्र मागे सुटलं. माझ्या मते आधीचे संवाद वाचल्याशिवाय ते गाऊच नये. कोणाला पटणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच चर्चेला ठेवा.
– पूर्वी शाळा चालवणारी मावशी

मावशी, मला तर अजिबात पटलेलं नाही. यमन ऐकायला रुक्मिणी कशाला लागते? पण आधीचे संवाद मी वाचते, पद तुम्ही गा. पुस्तकाची पानं स्कॅन करून पाठवाल का? गुरुवारपर्यंत हवीत, माझं मराठी वाचन हळू आहे.
– युवा समिती

ठरलं. भाषणं रद्द, 'स्वयंवर' पक्कं. लिंक शनिवारी पाठवतो.
– सचिव