पहिलीच सफारी, पेंच की उमरेड-कऱ्हांडला?

नागपूरला राहून इतकी वर्षं झाली पण जंगलात एकदाही गेलो नाही, आता जानेवारीत बायको आणि ८ वर्षांच्या पोरीला घेऊन जायचंय. कुठलं गेट घेऊ, आणि वाघ नाही दिसला तर पोरगी नाराज होईल का, हीच काळजी आहे.

उत्तर १
भाऊ, पेंचचं सिल्लारी गेट घ्या, सागाचं जंगल लई सुंदर आहे. बुकिंग ऑनलाइन आधीच करा, बुकिंगला दिलेलं ओळखपत्र ओरिजिनल न्या. आणि सकाळची सफारी असेल तर पोरीला स्वेटर, कानटोपी, वरून एक ब्लँकेट पण, उघड्या जिप्सीत वारा असा लागतो की बोटं आखडतात.

उत्तर २
वाघाचं टेन्शन घेऊ नका ताई-दादा. आमच्या पहिल्या फेरीत वाघ दिसलाच नाही, पण गाइडनं जिप्सी बंद करायला लावली, झाडावरून वानर खेकसलं, म्हणजे वाघ-बिबट्या जवळपास असल्याचा इशारा, खाली चितळांनी शेपट्या वर केल्या आणि सगळे एकाच दिशेनं बघत उभे, एक पाय जमिनीवर आपटत. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. माझा मुलगा आजही तेच सांगतो. पोरीला आधीच सांगून ठेवा की कान उघडे ठेव.

उत्तर ३
उमरेड-कऱ्हांडला पण जवळ आहे, तासा-दीड तासात पोचता. ताडोबाचा विचार केलाच तर मंगळवारी बंद असतं हे ध्यानात ठेवा. आणि कृपा करून ड्रायव्हरला गाडी जनावराच्या जवळ घे म्हणून मागे लागू नका, त्यांचा रस्ता अडतो बाप्पा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद सगळ्यांना, सिल्लारीच बघतो. पोरीला आत्ताच वानराचं सांगितलं, दुर्बीण मागतेय.