बंद झालेली कोणती गाडी पुन्हा निघावी, आणि ती आजच्या नियमांत बसेल का?

चाकोरीबाहेर:

मंडळी, नमस्कार. बंद झालेल्या गाड्यांसाठी हळहळणे हा आपल्यापैकी बहुतेकांचा आवडता उद्योग आहे आणि त्याला माझा विरोध नाही, पण या वेळी प्रश्न थोडा अडचणीचा करून विचारतो. अशी एक गाडी सांगा, जी आज कारखान्यातून निघत नाही, जी तुम्ही सेकंडहँड नव्हे तर कोरी करकरीत, पहिले मालक म्हणून घ्याल, आणि आजच्या अपघात-चाचण्यांच्या व प्रदूषणाच्या नियमांत बसवूनही जिचे मूळ वैशिष्ट्य शिल्लक राहील. पहिला मालक होण्याची अट मुद्दाम घातली आहे. तपकिरी रंगाची, डिझेलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची स्टेशन वॅगन प्रत्येक गाडीवेड्याला हवी असते आणि ती शोरूममध्ये उभी राहिली की त्यांच्यातला एकही तिकडे फिरकत नाही, हा विनोद आता जगभर जुना झाला आहे.

माझे उत्तर ऑडी ए२. ही गाडी १९९९ ते २००५ या काळात निघाली आणि सगळ्या मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास तयार झाल्या. शरीर संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे, त्यामुळे चार दारे आणि बऱ्यापैकी डिक्की असूनही साध्या पेट्रोल गाडीचे वजन नऊशे किलोंच्या घरात, आणि १.२ लिटर डिझेलची आवृत्ती शंभर किलोमीटरला सुमारे तीन लिटर पिणारी. मला तिच्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. तिच्या बॉनेटला बिजागरी नाही. जिथे इतर गाड्यांना जाळी असते तिथे एक काळे झाकण आहे. ते खाली पाडले की तेल मोजायची कांडी, तेल ओतायचे तोंड आणि काचेच्या पाण्याचे तोंड एका ओळीत समोर येते. त्यापलीकडचे काम असेल तर अख्खे बॉनेट दोन हातांनी उचलून भिंतीला टेकवून ठेवायचे. मालकाला रोज काय लागते आणि मिस्त्रीला काय लागते, यांची इतकी स्वच्छ वाटणी मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेली नाही.

ती बंद का पडली हेही उघड आहे. गिऱ्हाईक गाडीची लांबी पाहून किंमत ठरवते, आणि तेवढ्याच लांबीच्या पोलादी गाड्या बऱ्याच स्वस्त होत्या.

जुना मिस्त्री:

आपली निवड चांगली आहे, पण माझे मत सरळ आहे: जुनी लँड रोव्हर डिफेंडर. १९४८ साली सुरू झालेली ही वंशावळ २९ जानेवारी २०१६ रोजी सोलिहलच्या कारखान्यात थांबली, तेव्हा एकूण आकडा वीस लाखांच्या पुढे गेला होता. लॅडर फ्रेम (शिडीसारखा पोलादी सांगाडा), पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस), आणि बहुतेक भाग पान्याने उघडणारे.

आता तुमच्या अटी. ही गाडी जशीच्या तशी परत येऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. तिचा उभा, चौकोनी चेहरा पायी चालणाऱ्याला धडकल्यावर काय करील, याचा विचार १९४८ साली कोणी केलेला नव्हता, आणि नंतर तो करायचा तर चेहराच बदलावा लागला असता. पण ‘तशीच गाडी आजच्या नियमांत’ हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. इनिऑस ग्रेनेडियर २०२२ पासून फ्रान्समधील हाम्बाखच्या कारखान्यात बनते: लॅडर फ्रेम, सलग अ‍ॅक्सल, बीएमडब्ल्यूचे तीन लिटरचे सहा सिलिंडर इंजिन. जुन्या गाडीच्या भक्तांनी जे मागितले त्यातले बरेचसे मिळाले, पण वजन अडीच टनांच्या वर गेले आणि हाताने टाकायचा गिअर आलाच नाही, आठ गिअरचा ऑटोमॅटिकच घ्यावा लागतो. म्हणजे चिखलात साधेपणा मिळतो, पण गॅरेजात मिळत नाही. मला हवा होता तो दुसरा.

मोजपट्टी:

मी छोट्या पिकअपच्या बाजूने आहे, आणि या बाबतीत दोष कंपन्यांच्या आळसाला देणे मला पटत नाही. गाडीचा आकार पुष्कळदा अभियंता ठरवत नाही, करखाते आणि नियमांची व्याख्या ठरवते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर पंचवीस टक्के जकात लावली, आणि कोंबड्यांचे भांडण मिटले तरी ट्रकवरची जकात तशीच राहिली. त्यावर सुबारूने ब्रॅट या छोट्या पिकअपमध्ये काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. मागच्या उघड्या हौद्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, मागे तोंड करून, जागेवर पक्क्या बसवल्या. धरायला मुठी आणि पट्टेही दिले. त्या खुर्च्यांमुळे ब्रॅट कागदावर प्रवासी गाडी झाली आणि जकातीतून सुटली. त्यात बसणाऱ्याचे केस आणि दात यांचे काय होत असेल ते सोडा.

आता याच्या बरोबर उलट प्रकार पाहा. २०१८ साली आलेल्या सुझुकी जिम्नीला युरोपात मागणी प्रचंड होती, पण तिथे कंपनीच्या सगळ्या प्रवासी गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मोजतात, आणि ही ठोकळ्यासारखी गाडी ती सरासरी वर खेचत होती. सुझुकीने तिची मागची खुर्ची काढली, तिथे सपाट फळी आणि जाळी बसवली आणि ती मालवाहू म्हणून विकली, कारण मालवाहू गाड्यांचा हिशेब वेगळा धरला जातो. एकाने हौद्यात खुर्च्या बसवल्या, दुसऱ्याने गाडीतल्या काढल्या. गाडी चालवणाऱ्याची गरज दोन्हीकडे विचारातच नव्हती.

अमेरिकेत त्यावर आणखी एक थर आहे. तिथली मायलेजची मर्यादा चार चाकांमधल्या चौकोनाच्या क्षेत्रफळावर ठरते: चौकोन मोठा तर मर्यादा सैल, लहान तर कडक. मग छोटी पिकअप काढून स्वतःला अडचणीत कोण घालील? फोर्डची छोटी रेंजर तिथे २०११ च्या अखेरीस बंद झाली आणि २०१९ मध्ये परतली ती बरीच मोठी होऊन. तरीही त्याच फोर्डने २०२१ मध्ये मॅव्हरिक काढली, पाया मोटारगाडीचा आणि सुरुवातीची आवृत्तीच हायब्रिड. पहिल्याच वर्षी हायब्रिडच्या ऑर्डरी घेणे त्यांना मध्येच थांबवावे लागले. म्हणजे चाकोरीबाहेर यांच्या दोन्ही अटी पाळणारी गाडी निघू शकते. तिच्या नावात जुनी आठवण फारशी नसली म्हणून आपण तिची दखल घेत नाही, एवढेच.

नऊहजारी:

माझे टोपणनाव पाहून उत्तर कळलेच असेल. होंडा एस२०००, १९९९ ते २००९. दोन लिटरचे टर्बोविना इंजिन, जपानमध्ये २५० अश्वशक्ती, आणि लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा, मिनिटाला नऊ हजारांवर (आरपीएम).

एका ओळखीच्यांनी मला ती एकदाच, अर्धा तास, चालवायला दिली होती. किल्ली फिरवून झाल्यावर वेगळे लाल बटण दाबावे लागते, तेव्हा ती सुरू होते. पाच हजारांपर्यंत ती एखाद्या शहाण्या छोट्या गाडीसारखी वागते आणि ‘हिच्यासाठी एवढा गाजावाजा?’ असे मनात येते. सहा हजारांच्या आसपास इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमचे उंच पाते लागू होते, आवाजाची पट्टीच बदलते, आणि जिथे इतर इंजिने दमतात तिथून हिचे अजून तीन हजार बाकी असतात. गिअरचा दांडा इतका आखूड सरकतो की हाताला मनगटापलीकडे कामच नाही.

नियमांत बसेल का? टर्बोशिवाय, उंच फेऱ्यांवर ताकद काढणारे इंजिन आजच्या प्रदूषण-चाचण्यांना जड जाते हे खरे. पण अशक्य नाही: मोटारींचे रचनाकार गॉर्डन मरे यांच्या टी.५० या सुपरकारमधले कॉसवर्थचे बारा सिलिंडर इंजिन १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाते. तशा गाड्या फक्त शंभर, आणि त्या कोणासाठी आहेत हे सांगायला नको. एस२००० दहा वर्षांत एक लाखाच्या वर निघाल्या होत्या. प्रश्न तंत्राचा कमी आणि दोन माणसांच्या गाडीसाठी वेगळे इंजिन, वेगळा गिअरबॉक्स, वेगळा सांगाडा यांचा खर्च कोण उचलणार याचा जास्त आहे. टोयोटाने २०१९ मध्ये सुप्रा परत आणली ती बीएमडब्ल्यूशी खर्च वाटून घेऊन, तेव्हा ‘ही खरी सुप्रा नव्हे’ म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. आता वाटते, ती भागी झाली नसती तर ओरडायलाही काही उरले नसते.

चाकोरीबाहेर:

नऊहजारी, शेवटचे वाक्य मनापासून पटले. मला खरा राग येतो तो नाव परत येते आणि गाडी येत नाही तेव्हा: फोर्ड कॅप्री २०२४ मध्ये परतली ती उंच विजेची एसयूव्ही होऊन, आणि मित्सुबिशीच्या एक्लिप्सचे कूपेपण (दोन दारांचा ठेंगणा घाट) जाऊन नावापुढे ‘क्रॉस’ लागले. त्यापेक्षा मॅव्हरिकसारखी निराळ्या नावाची, पण कामाची गाडी बरी.

जुना मिस्त्री:

मला नवी गाडी नकोच, सुटे भाग हवेत. होंडा कंपनी आपल्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारच्या मालकांना १९९३ पासून जपानमध्ये गाडी कारखान्यातूनच नव्यासारखी करून देत आली. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी २०१७ मध्ये तशी योजना जाहीर केली, आणि टोयोटा जुन्या सुप्राचे बंद झालेले भाग पुन्हा बनवू लागली. जुना सुटा भाग बनवायला नवी अपघात-चाचणी द्यावी लागत नाही. गाडी तर आधीच रस्त्यावर आहे.

चाकोरीबाहेर:

मग विचारूनच टाकतो. एक जुनी ए२ माझ्या नजरेत आहे. पाहायला जाताना काय तपासू?

जुना मिस्त्री:

आधी दारांच्या आणि चाकांवरच्या कमानींच्या कडा तिरक्या उजेडात पाहा. अ‍ॅल्युमिनियमच्या कामाची हत्यारे वेगळी ठेवावी लागतात. पोलादाचे कण त्यात रुतले की ओल्यात दोन धातूंची जुंपते आणि रंगाखाली बारीक फुगे येतात. फुगे दिसले तर कोणी तरी ती साध्या हातोडीने ठोकली आहे असे समजा आणि परत फिरा. नाही दिसले, तर ते पुढचे काळे झाकण उघडून पाहा. त्याच्या खिट्ट्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि शाबूत असल्या तर मालक काळजी घेणारा होता.