जुन्या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला पाच-सहा हजारांत कार्ट्रिज कोणते?

मुठाकाठ
टर्नटेबल जपानी, डायरेक्ट ड्राइव्ह (पट्टा नाही, मोटर थेट तबकडीखाली), एस आकाराचा आर्म, हेडशेल (आर्मचे कार्ट्रिज धरणारे टोक) फिरवून निघते. मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेगही आहे. मूळ कार्ट्रिजच्या (सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या डबीच्या) सुईचा दांडा वाकलाय. ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल घेणारे) आहे, पण फक्त एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठीचे. रेकॉर्ड बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, बऱ्याचशा जुन्या बाजारातल्या, म्हणजे आधी कसल्या सुईने वाजवल्यात देव जाणे. थोड्या ७८ च्याही, लाखेच्या, आहेत. ऑडिओ-टेक्निकाचे ३६००एल पुरेल की व्हीएम९५ई घ्यावे? बाजू संपत आली की आवाज फाटतो, तो सुईमुळेच का? आणि जुन्या बाजारात बरे कार्ट्रिज मिळू शकेल?

तबकडीवाला
शेवटच्या प्रश्नापासून. जुन्या बाजारातून रेकॉर्ड खुशाल घ्या, कार्ट्रिज नको. सुईचा दांडा ज्या रबरावर तोललेला असतो ते वर्षानुवर्षांत कडक होते. वरून सुई ठणठणीत दिसते, पण ती खाचेबरोबर हलत नाही, खाच खरवडते. त्यातही ते एखाद्या पेटी-प्लेअरचे सिरॅमिक निघाले, तर फोनो इनपुटला चालतच नाही.

आता आवाज फाटण्याचे. ३३⅓ वर एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढेच संगीत निम्म्याहून कमी लांबीत दाटलेले. ३६००एलची सुई गोल टोकाची, तिला ती बारीक वळणे धरता येत नाहीत. ख्यालाच्या रेकॉर्डला हे नेमके नडते, कारण विलंबित बाहेर आणि द्रुतातल्या ताना आत! चित्रपटगीतांत ‘स’, ‘श’ फिसफिसतात ते ह्याच कारणाने. ९५ईची लंबगोल सुई इथे स्पष्ट फरक दाखवते. तरीही आधीच्या मालकाने खाचच खाल्ली असेल, तर कुठलीच सुई ती भरून काढणार नाही.

माझे मत: ९५ई घ्या. त्याच बॉडीत पुढे मायक्रोलिनिअर किंवा शिबाटा सुई (खाचेत आणखी नेमक्या बसणाऱ्या आकारांची) नुसती ओढून-सरकवून बसते. कंपनीनेच दिलेले आयुष्य लंबगोलला ३०० तास, गोल टोकाला ५००, शिबाटाला ८००, मायक्रोलिनिअरला १०००. तासांच्या हिशेबात महागडी सुई दिसते तेवढी महाग नाही. ऑर्टोफॉनचे २एम रेडही चांगले, पण बहुधा बजेटबाहेर जाईल.

ओहमवाला
९५ईला +१. आर्मशी जुळेल का ह्याचा हिशेब करून टाकू. एकूण वस्तुमान गुणिले कॉम्प्लायन्स (सुईच्या दांड्याची लवचिकता), त्याचे वर्गमूळ काढायचे आणि १५९ ला त्याने भागायचे. उत्तर म्हणजे आर्म-कार्ट्रिज जोडीची स्वतःची कंपनसंख्या, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी. असल्या आर्मचे प्रभावी वस्तुमान १२ ग्रॅम धरू, कार्ट्रिज ६.१, स्क्रू अर्धा: १८.६. कॉम्प्लायन्समध्ये हमखास गफलत होते. जपानी कंपन्या ते १०० हर्ट्झवर मोजतात, ९५ईचे ७ आहे. १० हर्ट्झसाठी ते ढोबळमानाने पावणेदोन पट करायचे, म्हणजे १२ च्या आसपास. उत्तर साडेदहा येते. छान जुळले.

कपॅसिटन्स (केबल आणि इनपुटची विद्युतधारिता) मात्र तपासाच. ९५ईला केबल आणि इनपुट मिळून १०० ते २०० पिकोफॅरड लागतात. जुन्या ॲम्प्लिफायरला आतच २०० असतात, त्यात केबलचे शंभर-दीडशे. मग वरच्या पट्टीत उसळी येते, तानपुरा झणझणतो आणि लोक कार्ट्रिजला शिव्या घालतात. आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल वापरा.

तबकडीवाला
बसवताना सुई काढून ठेवा. वायर: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. क्लिप चिमट्याने सरकवा. पिनवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने आतली कॉइल तुटते. ९५ च्या बॉडीतच आटे आहेत, नट लागत नाही. स्क्रू लांब असेल तर मात्र आत टेकतो. अँटी-स्केट (आर्मची आत ओढ तोलणारी कळ) शून्यावर ठेवून आर्म तरंगता करा, मग वजन २.० ग्रॅम. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून दीडवर आणू नका. हलकी सुई उड्या मारते आणि खाचेच्या भिंती तीच फोडते. शेवटी अँटी-स्केटही दोनवर.

मुठाकाठ
आभार. वजनाला आर्मवरचा आकडा पुरे का? आणि ७८ चे काय?

ओहमवाला
जुन्या आर्मच्या आकड्यावर विसंबू नका. ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या. मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. काट्याची तबकडी उंच असेल तर आकडा चुकतो.

७८ ला ९५ई अजिबात लावू नका. त्या खाचेला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची तळाला जाऊन नुसता कचरा वाजवते. ९५एसपी ही ३ मिलची सुई त्याच बॉडीत बसते, पण तिला वजन ५ ग्रॅम लागते. पुष्कळ आर्मचा आकडा तीन-चारवर संपतो. काउंटरवेट आणखी आत फिरवा आणि काट्यावर ५ भरतात का बघा. सुई बदलली की वजन बदलायचेच. ५ ग्रॅमवर ९५ई टेकवली तर दांडा बसलाच म्हणून समजा. आणि लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

तबकडीवाला
प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील कागद) राहिला. दोन बिंदूंचा, मधल्या खुंटीपासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरचा छापून घ्या. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि कागदावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीने मोजूनच पैसे द्या. दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडेपेक्षा सुईचा दांडा रेघेशी समांतर आहे का ते बघा. स्वस्त कार्ट्रिजमध्ये दांडा किंचित तिरका बसलेला असू शकतो.