सेंद्रिय ज्वारीच्या बिअरला वाइनसारखी सवलत मिळावी का?

कोरडवाहू
पुण्यात 2009 ला डूलाली ही बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर राज्यात अशा ब्रुअरी बऱ्याच निघाल्या. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात वाइनला उत्पादन शुल्काची माफी मिळाली, कारण माल शेतकऱ्याचा. मग प्रमाणित सेंद्रिय ज्वारी किंवा नाचणी थेट शेतकऱ्याकडून घेणाऱ्या छोट्या ब्रुअरीला का नको? माझं मत स्पष्ट आहे, मिळायला हवी.

हिशेबी
आकडे मांडा. हजार लिटर बिअरला साधारण 200 किलो धान्य लागतं. त्यात 30 टक्के ज्वारी धरली तर 60 किलो. महिन्याला दहा हजार लिटर करणारी ब्रुअरी 6 क्विंटल घेणार, वर्षाला 72. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी 4-5 क्विंटल धरा, म्हणजे सगळं मिळून पंधरा-अठरा एकर. एवढ्यासाठी राज्याने महसूल सोडायचा? वाइन अख्खी द्राक्षाची असते. इथे 70 टक्के माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) बार्लीचा, आणि बार्ली येते राजस्थान-हरियाणातून किंवा परदेशातून.

कोरडवाहू
पंधरा-अठरा एकर म्हणजे मंगळवेढ्याकडची चार-पाच कुटुंबं. त्यांना पेरणीआधी भाव ठरवून मिळत असेल तर ते मला थोडं वाटत नाही. कडबा शिवाय घरीच राहतो.

आंबवण
घरी बिअर करतो म्हणून सांगतो, ज्वारी 30 टक्क्यांच्या वर नेणं सोपं नाही. तिचा स्टार्च 70 अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट फुलत नाही आणि बार्ली माल्टमधली, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम तेवढ्या उष्णतेत मरायला लागतात. म्हणून ज्वारी भरडून कण्यांसारखी वेगळी शिजवायची, ढवळत राहायची नाहीतर बुडाला लागते, मग 65 पर्यंत निववून माल्टमध्ये घालायची. यात इंधन आणि वेळ दोन्ही जातात. सवलत द्यायचीच तर या खटाटोपाला द्या. 'सेंद्रिय' शब्दाला देऊ नका. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स सेंद्रिय मिळणंच अवघड. त्यांच्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात, आपल्याकडे ती धड येत नाही. अमेरिकेतसुद्धा सेंद्रिय हॉप्स पुरेसे मिळत नव्हते म्हणून 2012 अखेरपर्यंत सेंद्रिय बिअरमध्ये साधे हॉप्स चालत होते.

हिशेबी
नेमकं! आणि नळावरच्या बिअरला लेबल कुठे असतं? फळ्यावर खडूने 'सेंद्रिय' लिहिलं की झालं. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारमान्य सेंद्रिय पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं, ते गिऱ्हाइकाने कुठे बघायचं?

वाळूजकर
तुम्ही तिघंही पाण्याबद्दल बोलत नाही. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावावी लागली, तेव्हा आम्ही टँकरची वाट बघत होतो. ब्रुअरी छोटी असली तरी एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी जातंच. धान्यापासून दारूच्या धोरणाला डॉ. अभय बंग यांनी विरोध केला, तेव्हाही 'शेतकऱ्याचं भलं' हेच कारण पुढे केलं होतं. दारू स्वस्त करून शेतकरी जगवायचा, हे मला मान्य नाही.

कोरडवाहू
वाळूजकर, पाण्याचा मुद्दा मान्य. सवलतीला पाणी मोजण्याची आणि सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची अट जोडावी. पण बिअर स्वस्त करा असं मी म्हटलेलं नाही. शुल्कात वाचलेली रक्कम ज्वारीच्या भावात दिसली पाहिजे आणि खरेदीची पावती दाखवल्याशिवाय माफी मिळू नये.

वाळूजकर
पावत्या तपासणार कोण? तालुक्यात उत्पादन शुल्काचे निरीक्षक किती असतात, बघा एकदा.